पहिल्या पगाराला हात नाय

नोकरी लावून देणाऱ्याचे पैसे कुणी द्यायचे? हा प्रश्न चिकलठाण्याच्या एमआयडीसीत कुणी विचारलाच नव्हता. विचारायचं काय त्यात? ज्याला नोकरी लागली त्यानं द्यायचे. कुणी अर्धा पहिला पगार घ्यायचा, कुणी सगळा, कुणी आधी नाव नोंदवायचे घ्यायचा आणि वरून पगारही घ्यायचा. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. अहो, अक्कल असते हो, ती चालवून परवडत नाही एवढंच. मुकुंदवाडीच्या रत्नमालेनं मात्र ती चालवायची ठरवली आणि त्यापायी जो राडा झाला तो सांगितल्याशिवाय राहवत नाही.

रत्नमाला मूळची वैजापूरची. बाप कडुबा तिथल्या मोंढ्यात, म्हणजे बाजार समितीत हमाल, कांद्याच्या गोण्या वाहून खांदे वाकलेले. घरात एक रीत होती. कुणाचीही पहिली कमाई आली की ती आधी बाबासाहेबांच्या फोटोपुढं ठेवायची, हात जोडायचे आणि मगच खर्चायला काढायची. आईनं, गीताबाईनं, शेवया विकून मिळवलेले पैसेसुद्धा आधी तिथंच ठेवले होते. रत्नमाला बारावी होऊन शहरात आली, एका कंपनीत पॅकिंगला लागली, तेव्हा कडुबानं फोटोची काच पुसून, फळीवर नवा कागद अंथरून ठेवला. आणि महिन्यानं पोरगी आली ती मोकळ्या हातानं. ज्या एजंटनं कामाला लावलं होतं त्यानं पहिला पगार सगळाच्या सगळा काढून घेतला होता.

गीताबाईनं खीर केली होती, ती पातेल्यात तशीच राहिली. पुढच्या महिन्यात रत्नमालेनं पगार आणून फोटोपुढं ठेवायला हात पुढं केला, तर कडुबानं तो हात धरला. "ह्यो दुसरा हाय," म्हणाला, "पयल्याची जागा मोकळीच राहू दे." म्हातारा हट्टी. त्यानंतर तिनं किती वर्षं कमावलं, पण त्या फळीवर तिच्या नावाचं काही ठेवलं गेलं नाही.

पुढं लग्न झालं. नवरा संघपाल रिक्षा चालवणारा, सरळ माणूस. रत्नमाला पॅकिंग सोडून नानासाहेबांच्या ऑफिसात बसायला लागली. नानासाहेब म्हणजे कंपन्यांना माणसं पुरवणारे बडे ठेकेदार. पांढरी गाडी, बोटात अंगठ्या, बोलणं असं की साखरेचा भाव पडावा. रत्नमालेनं फोन उचलायचे, हजेरी भरायची. पण बाईची जीभ गप्प बसणारी नव्हती. आधी ती व्हॉट्सॲपच्या स्टेटसला कंपन्यांतल्या रिकाम्या जागा टाकायची, मग रील करायला लागली. कंपनीच्या गेटसमोर उभी राहायची आणि तोंडावर सांगायची, "ऐका गं पोरींनो. हितं आठ तास उभं राहावं लागतं, बसायला स्टूल नाय. कॅन्टीनची भाजी पानचट हाय. पण पगार ठरल्या तारखेला पडतो, त्यात खोट नाय. पटलं तर या."

बाकीचे सगळे 'सुवर्णसंधी, सुवर्णसंधी' म्हणून ओरडत असताना ही बाई भाजी पानचट आहे म्हणून सांगत होती. लोकांना तेच भावलं. सिल्लोड, कन्नड, पैठण, कुठून कुठून पोरी तिचं रील बघून यायच्या. यायच्या त्या नानासाहेबांच्या दारात आणि अर्धा पगार ठेवून जायच्या.

एकदा अशीच एक पोर टेबलापाशी आली आणि म्हणाली, "ताई, माझा अर्धा पगार कशाचा कापला?"

"रीतच हाय तशी," रत्नमाला बोलून गेली. आणि बोलल्याबरोबर तिचं तोंड कडू झालं, कारण त्या एजंटनं तिला हेच शब्द ऐकवले होते, ह्याच सुरात. त्याच संध्याकाळी तिनं ऑफिसच्या किल्ल्या नानासाहेबांपुढं ठेवल्या.

नानासाहेब हसले. "रत्नमाला, तुझं रील चालतं ते माझ्या नावावर. तुला वाटतं तुझ्या तोंडावर चालतं. दिवाळीच्या आत माझ्या दारात येशील बघ. मी हाकलणार नाही, मन मोठं आहे आपलं."

"बघा वाट," ती म्हणाली. "चहा गरम ठेवा."

बोलून तर बसली. घरी येऊन मात्र डब्यातले पैसे मोजत बसली. संघपाल म्हणाला, "रिक्षा हाय ना, उपाशी नाय मरत." पण रिक्षावर घर कसं चालतं ते दोघांना माहीत होतं. तिनं मुकुंदवाडीतच एक छोटा गाळा भाड्यानं घेतला, दोन खुर्च्या टाकल्या आणि दारावर पाटी लावली. नोकरी सांगायची, माणूस पाठवायचा, हा धंदा. आता राहिला प्रश्न दराचा, आणि तिथंच सगळं घोडं अडलं.

आधी तिनं जाहिरातीचा दर लावला. जागा भरायची असेल त्यानं पैसे द्यावेत, ती रील टाकेल. सोपं वाटलं. एक गोडबोल्या आला, पैसे टाकून गेला, हिनं रील टाकलं. त्या भामट्यानं पोरांकडून गणवेशाचे म्हणून पैसे उकळले आणि पसार झाला. कंपनीच नव्हती! पोरं गाळ्यापुढं येऊन उभी राहिली तेव्हा रत्नमालेनं दार लावून घेतलं नाही. फोन समोर धरून सगळ्यांदेखत बोलली, "चूक माझी हाय. मी पैसे घेतले अन् कंपनीचं दार डोळ्यानं बघितलं नाय. इथून पुढं जाहिरातीचा एक रुपया घेणार नाय." चार शिव्या खाल्ल्या, पण शब्द दिला.

मग तिनं कंपन्यांना महिन्याचा दर सांगून पाहिला. महिन्याला एवढे द्या, लागतील तेवढी माणसं घ्या. छोटे कारखानदार म्हणाले, बाई, आधी माणूस तर दाखव. म्हणजे तेही बोंबललं.

आणि पोरापोरींकडून काही घ्यायचं नाही हे तिनं आधीच ठरवलेलं. तर त्याचीही वेगळीच तऱ्हा! शेजारची सत्यभामाकाकू, अजिंठ्याकडची, पोरगी तनुजाला नोकरी बघत होती. ती येऊन गाळ्याच्या दारातच उभी राहिली. आत येईना.

"कितीक घेतीस?"

"काईच नाय, काकू."

"काईच नाय?" काकूच्या कपाळाला आठ्या. "मंग नक्कीच काईतरी गडबड हाय. आगं, मागच्या साली एकानं फुकट फुकट म्हणून आमच्या गावातल्या पोरांना पुण्याला नेलं अन् तिथं सोडून दिलं. तू असं कर, शंभर रुपये तरी घे. जिवाला बरं वाटंल."

रत्नमालेनं कपाळावर हात मारला. लुबाडणाऱ्यांनी लोकांना अशी सवय लावली होती की न लुबाडणाराच चोर वाटावा. कुणी दर द्यायला तयार नाही, आणि ज्यांच्याकडून घ्यायचा नाही ते घे घे म्हणतात. आठवडाभर गाळ्यात माशा मारून ती वैजापूरला बापाकडे गेली आणि पोटातलं सगळं ओकून मोकळी झाली.

कडुबा अंगणात बाजेवर बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "कांद्याची अडत कोण देतं गं आता?"

"मला काय ठाव?"

"आधी शेतकरी द्यायचा. माल त्याचा, घाम त्याचा, अन् अडत्याचं कमिशन बी त्याच्याच पैशातून कापायचे. काऊन? तर रीत. मंग वरून हुकूम आला, अडत घेणाऱ्याकडून घ्या. लई बोंबलले बघ! मोंढा बंद ठिवला, मोर्चे काढले. आता गपगुमान व्यापारी देतो का नाय? माल ज्याला पाहिजे त्यानं द्यावी अडत. पण एक हाय रतन, अडत्या बी मोकळा सुटत नाय. शेतकऱ्याच्या हातात पैका पडतो का नाय, ते त्याला बघावं लागतं."

रत्नमाला उठलीच. परतीच्या एसटीत तिचा दर ठरला. कंपनीनं एका माणसामागं त्या माणसाच्या आठ दिवसांच्या पगाराएवढे पैसे द्यायचे. ते पण माणूस रुजू झाला म्हणून नाही, तर त्याचा पहिला पगार पूर्ण त्याच्या हातात पडल्यावर. पगार पडला हे कळायचं कसं? तर तिनं पोरांना सांगितलं, पहिला पगार आला की आपापल्या घरात जिथं ठेवायचा तिथं ठेवा आणि मला फोटो पाठवा. फोटो आला की कंपनीला बिल. दारावरची पाटी तिनं पुसली आणि वर मोठ्या अक्षरात लिहिलं: पहिल्या पगाराला हात नाय.

हळूहळू गाडी रुळावर आली. एका बेकरीनं दोन माणसं घेतली, चिकलठाण्यातल्या एका वर्कशॉपनं पाच. वर्कशॉपवाला बिल बघून कुरकुरला, म्हणाला हे देवापुढचे फोटो कशाला जोडलेत? पण दिले त्यानं. माणसं टिकली होती ना. तरी गाळ्याचं भाडं निघून हातात फारसं उरत नव्हतं, आणि दिवाळी काही लांब नव्हती.

अशात शेंद्र्याच्या एका बड्या कंपनीतून सुदर्शनचा फोन आला. सुदर्शन तिथला एचआर, तरणा, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, बोलणं निम्मं इंग्रजी. नवी लाईन चालू होत होती, वायरी जोडायच्या कामाला एकदम चाळीस पोरी पाहिजे होत्या. रत्नमालेनं दर सांगितला, अट सांगितली. "हो हो मॅडम, डन," तो म्हणाला. हे काम झालं असतं तर तिचा धंदा उभा राहणार होता. नाही झालं तर गाळा सोडून नानासाहेबांच्या टेबलामागची खुर्ची. मधलं काही नव्हतं, आणि हे ती रात्रंदिवस जाणून होती.

तिनं रील टाकलं, जीव तोडून पोरी निवडल्या. मुलाखती झाल्या. सत्यभामाकाकूची तनुजाही निवडली गेली. काकूनं गल्लीभर पेढे वाटले, शंभर रुपये न घेता नोकरी लावणारी बाई म्हणून रत्नमालेचं नाव गायलं.

रुजू व्हायच्या दिवशी संघपालच्या रिक्षात बसून रत्नमाला सकाळीच गेटवर हजर. पोरी डबे घेऊन रांगेत उभ्या. आणि बघते तर काय, गेटच्या आत टेबल टाकलेलं, मागं पांढरी गाडी आणि गाडीला टेकून नानासाहेब! त्यांचा कारकून एकेका पोरीला कागद देत होता, सही करा आणि आत जा. रत्नमालेनं तनुजाच्या हातातला कागद घेतला. लिहिलं होतं की पगार ठेकेदारामार्फत मिळेल आणि पहिल्या पगारातली अर्धी रक्कम सेवा म्हणून कापायला माझी संमती आहे.

"सुदर्शन साहेब, ह्ये काय?"

"मॅडम, तुमचं पेमेंट आम्ही देतोय ना? ते त्यांचं त्यांचं बघतील." सुदर्शन तिच्याकडे न बघता बोलला. त्या अर्ध्यातला वाटा कुठं कुठं जाणार होता ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

नानासाहेब पुढं आले. आवाज एकदम मऊ. "रत्नमाला, तुझा दर आठ दिवसांचा ना? मी पंधरा दिवसांचा देतो. आत्ता, इथंच, चाळीसच्या चाळीस पोरींचा. आणि दर महिन्याला पोरी आणायचं काम कायमचं तुझं. तू कापतेस का? नाही. कागद माझा, सही त्यांची. तुझा हात कुठं लागला?"

खरं सांगतो, क्षणभर तिला भुरळ पडली. पंधरा दिवसांचा गुणिले चाळीस, कुणाला पडणार नाही? तिनं रांगेकडे बघितलं. पोरी तिच्याकडे बघत होत्या, नानासाहेबांकडे नाही. तिच्या रीलवर, तिच्या तोंडाकडे बघून आल्या होत्या त्या.

"हात नाय लागला, तोंड लागलंय माझं," ती म्हणाली. "ह्याच तोंडानं म्या पहिल्या पगाराला हात नाय म्हणून सांगितलंय. ते तोंड काय भाड्यानं देऊ तुम्हाला?"

आणि ती रिक्षाच्या पायरीवर चढली. कागद उंच धरला आणि शब्द न् शब्द मोठ्यानं वाचून दाखवला. "ऐकलं का गं? अर्धा कापणार. मला हे आत्ता कळलं. ज्यांना सही करायची त्यांनी करा, मी एकीलाबी नावं ठेवणार नाय, ज्याचं पोट त्यालाच ठाव. पण सही करा असं माझ्या तोंडून निघायचं नाय. ज्यांना नको, त्या चला. तुम्हाला दुसरीकडं लावीन नायतर गाळा विकून घरी बसंन!" गाळा भाड्याचा होता, विकणार काय कर्माचं? पण रागात माणूस बोलतो.

मग तनुजा पुढं झाली. तिनं कारकुनाच्या टेबलावर पेन ठेवलं आणि म्हणाली, "आमच्यात पयला पगार देवीपुढं ठेवत्यात. अर्धा कसा ठिवू? अर्धा नारळ फोडतं का कुणी?"

एक पोर हसली, मग दुसरी, आणि रांग मागं वळली. सगळी नाही. सात-आठ जणी मान खाली घालून सही करून आत गेल्या, दुसरं काम मिळेपर्यंत थांबायचीही त्यांच्या घरी सोय नव्हती. नानासाहेब नुसते म्हणाले, "चहा गरम आहे बरं का." आणि गाडीत बसले.

आता तुम्ही म्हणाल, रत्नमालेला लोकांनी डोक्यावर घेतलं असेल. डोक्यावर? संध्याकाळी सत्यभामाकाकू गल्लीत उभी राहून बोटं मोडत होती. "लागलेली नौकरी घालवली माझ्या पोरीची! अर्धा तर अर्धा, पुढचे तर पुरे आले असते! लई आली तत्त्वाची! तुझं तत्त्व काय चुलीत घालू?" काकूचं खोटं नव्हतं. उद्या गाळ्याचा मालक आला तर काय सांगायचं याची जुळवाजुळव रत्नमाला रात्रभर करत बसली.

पण तनुजानं एक केलं होतं. रत्नमाला रिक्षावर चढली तेव्हा तिनं फोन काढून ते सगळं टिपलं होतं, नानासाहेबांच्या चहासकट. आई शिव्या देत होती तेव्हा पोरगी घरात बसून ते एकेका ग्रुपवर सोडत होती. गावोगावच्या पोरींच्या ग्रुपवर ते फिरलं. शेंद्र्याच्या त्या गेटवर दुसऱ्या दिवशी नानासाहेबांनी गाडी भरून पोरी आणायची म्हटली तर निम्मी गाडी मोकळी. पोरी फोनवर विचारायला लागल्या, "कागद हाय का? मंग नाय येत."

नाक दाबलं की तोंड उघडतं. आठवड्याच्या आत सुदर्शनचा फोन आला, आवाज पार खाली आलेला. "मॅडम, वरचे सर विचारतायत लाईन का चालू होत नाही. त्यांनी व्हिडिओ पण बघितला. तुमच्या त्या मुली… आहेत का?"

"हायत की. पण लेखी पाहिजे. मधी ठेकेदार नको, पगार सरळ पोरींच्या खात्यावर. आत गेलेल्या सात-आठ जणींचाबी कापायचा नाय. अन् दर दहा दिवसांचा."

"मॅडम, आधी आठ होता!"

"आधी तुम्ही कागद आणला नव्हता."

लेखी आलं. पोरी परत गेल्या, पण सगळ्या नाही. दोघींना घरच्यांनी पुन्हा सोडलं नाही, एकीचं लग्न ठरलं, काहीजणी वाळूजच्या कंपन्यांत लागल्या होत्या. नानासाहेबांचा धंदा काही बुडाला नाही, त्यांची पांढरी गाडी अजून जालना रोडनं जाते. पण कुठल्याशा गेटवर एखादी पोर सही करण्याआधी कागद वाचायला मागते म्हणे, आणि त्यांना उशीर होतो.

पगाराच्या दिवशी रत्नमालेचा फोन सकाळपासून खणखणत होता. फोटोवर फोटो. एकीचा पगार खंडोबापुढं, एकीचा बुद्धांपुढं, शबाना नावाच्या एकीचा अम्मीच्या ओंजळीत, एकीचा बापाच्या हार घातलेल्या फोटोपुढं. तनुजानं खात्यातून काढलेल्या नोटा तुळजाभवानीपुढं ठेवल्या होत्या आणि बाजूला सत्यभामाकाकू पदर तोंडाला लावून बसलेली. फोटोखाली काकूनं पोरीकडून लिहून घेतलं होतं, "तोंड चालवलं ते इसर. उद्या जेवायला ये, मांडे करते."

बिल गेलं. दिवाळीच्या तोंडावर पैसे आले. नानासाहेबांच्या दारात ती काही गेली नाही, पण आपल्या गाळ्याच्या दारावरच्या पाटीचा फोटो काढून त्यांना पाठवून दिला, खाली लिहिलं, "चहा गार झाला असंल." आणि गाळा टाकल्यापासून खर्च जाऊन हातात उरलेली ही पहिली कमाई पाकिटात घालून वैजापूरची एसटी धरली.

घरात फळीवर तीच जागा, तसाच अंथरलेला कागद. गीताबाई चुलीपाशी होती, न सांगता तिनं खिरीला गव्हाची भरड काढली. रत्नमालेनं पाकीट पुढं केलं, तसा कडुबानं पुन्हा तिचा हात धरला, एकोणीस वर्षांपूर्वी धरला होता तसाच घट्ट.

"थांब. ह्यात कोण्या लेकराचा पयला पगार नाय ना?"

"नाय, आबा. एकाचाबी नाय."

म्हाताऱ्यानं हात सोडला. "मंग ठिव," म्हणाला, आणि डोळे पुसत तोंड भिंतीकडं वळवलं. रत्नमालेनं पाकीट बाबासाहेबांच्या फोटोपुढं ठेवलं.